‘नाही’ म्हणजे नेमके किती नाही?

दहावीच्या गणिताच्या पुस्तकात, वर्गसमीकरणांच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. दोन मित्रांच्या वयांची बेरीज २० वर्षे आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या वयांचा गुणाकार ४८ होता. असे असणे शक्य आहे का? एनसीईआरटीचे हे पुस्तक कर्नाटकात भाषांतर होऊन चालते, त्यामुळे बेळगुंदीसारख्या, बेळगावच्या पश्चिम भागातल्या गावांतली मराठी माध्यमाची मुले हे गणित मराठीतूनच सोडवतात. एकाचे वय क्ष, दुसऱ्याचे २० − क्ष, दोन्हींतून चार-चार वजा, मग गुणाकार. मांडणी केली की क्ष² − २०क्ष + ११२ = ० हे समीकरण हाती येते. विवेचक काढला की ४०० − ४४८, म्हणजे उणे ४८. विवेचक ऋण, सबब वास्तव मुळे नाहीत, सबब अशी परिस्थिती अशक्य. गुण मिळाले, पान उलटले. काही महिन्यांनी यातली जी मुले पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, विज्ञान शाखा घेतात, त्यांच्यापुढे फळ्यावर इंग्रजीतून एक नवी गोष्ट येते: उणे एकाला वर्गमूळ आहे, त्याला आय म्हणायचे, त्याचा वर्ग उणे एक असतो असे समजायचे. का समजायचे, हे विचारायची सोय नसते, कारण पुढच्या ओळीत बेरीज-गुणाकाराचे नियम सुरू झालेले असतात. काल जे ‘नाही’ म्हणून शिकवले तेच आज ‘आहे’ म्हणून शिकवले जाते, आणि या दोन विधानांमधला दुवा दोन्ही पुस्तकांच्या मध्ये कुठेतरी पडून राहतो. माझे म्हणणे इतकेच आहे की हा दुवा दहावीतच, मराठीतूनच, एका तासात देता येतो. आणि तो न दिल्यामुळे मुलांच्या मनात गणिताविषयी जो संशय बसतो तो पुढे सहजी जात नाही.

आधी त्या दोन मित्रांचेच पाहू. चार वर्षांपूर्वी त्यांच्या वयांची बेरीज १२ असणार. बेरीज १२ असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार जास्तीत जास्त किती होईल? दोन्ही सारख्या असताना, म्हणजे सहा गुणिले सहा, ३६. गणितात मागितले आहेत ४८. मागणी १२ ने जास्त आहे, म्हणून ती पुरी होत नाही. आता समीकरणाची मुळे सूत्राने काढून, अशक्य म्हणून न थांबता तशीच लिहून ठेवा: १० ± √−१२. वर्गमूळाच्या चिन्हाखाली जे उणे बारा आले ते तेच बारा आहेत. समीकरणाने नुसते ‘जमत नाही’ म्हटलेले नाही. किती कमी पडते आहे तेही लिहून दिले आहे. दहावीचा विद्यार्थी विवेचकाचे चिन्ह पाहून थांबतो, त्याची किंमत वाचत नाही, कारण वाचायला त्याला कोणी सांगितलेले नसते.

हेच जमिनीवर आणले तर आणखी उघडे होते. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. अशा चौकोनाला कुंपण घालायचे तर १३२ फूट तार लागते. आता तार १३२ फूटच आहे असे धरा आणि तिने काटकोनी चौकोन आखायचा आहे. लांबी आणि रुंदी मिळून ६६ फूट होणार. कुणी ९८९ चौरस फुटांचा तुकडा मागितला तर क्ष² − ६६क्ष + ९८९ = ० सोडवायचे. मुळे ३३ ± १०, म्हणजे एक बाजू ४३ फूट, दुसरी २३ फूट. रताळ्याचा वाफा आखायला हरकत नाही. दुसऱ्या कुणी तेवढ्याच तारेत ११८९ चौरस फूट मागितले, तर समीकरण क्ष² − ६६क्ष + ११८९ = ० असे होते आणि मुळे येतात ३३ ± १०√−१. गुंठ्यापेक्षा शंभर चौरस फूट कमी मागितले तर ३३ ± १०, शंभर चौरस फूट जास्त मागितले तर तेच ३३, तेच १०, फक्त दहाच्या पाठीला √−१ लागला. अशी बाजू असलेला तुकडा मोजणीदार आखून देणार नाही, हे खरेच. पण उत्तर बेताल आलेले नाही. शक्य असलेल्या उत्तराचे ते नेमके उलटे जुळे आहे, आणि मागणी किती फुगली आहे याचा हिशेब त्यात उतरला आहे. आलेख काढला तर एक वक्र आडव्या अक्षाला दोन ठिकाणी छेदून शंभराइतका खाली जातो, दुसरा अक्षाच्या शंभर वर लटकत राहतो. बाकी दोन्हींचा आकार आणि मध्यरेषा एकच. एवढे दाखवायला फळा, खडू आणि पंधरा मिनिटे लागतात.

यावर जाणकार म्हणतील, ही तर विवेचकाचीच गोष्ट वेगळ्या शब्दांत झाली. यासाठी नवी संख्या कशाला? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याच्याशी प्रामाणिक राहिले तर पाठ्यपुस्तकांच्या मांडणीतला खरा दोष दिसतो. क्ष² + १ = ० या समीकरणाला उत्तर नव्हते म्हणून गणितज्ञांनी नवी संख्या काढली, असे सांगून पुस्तके हा विषय सुरू करतात. इतिहास तसा नाही. वर्गसमीकरणाला उत्तर नाही म्हणून कुणाचेही शेकडो वर्षे काही अडले नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी ‘गणितसारसंग्रह’ लिहिणाऱ्या महावीराचार्यांनी स्पष्ट लिहिले की ऋण राशी स्वभावतःच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण करणाऱ्या भास्कराचार्यांनी बीजगणितात तेच सांगितले. (भास्कराचार्यांचे मूळ गाव विज्जडवीड म्हणजे कर्नाटकातले विजापूर की चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर, यावर विद्वान भांडत आले आहेत, सीमावाद त्यांनाही चुकला नाही. पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख मात्र आहे.) दोघांचेही म्हणणे त्यांच्या प्रश्नाला धरून अचूक होते. प्रश्न धान्याचा, जमिनीचा, माकडांच्या कळपाचा असेल तर उत्तर नाही म्हणजे नाही.

माकडांचा उल्लेख मुद्दाम केला. भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्यांच्या वर्गाइतकी माकडे गुहेत शिरतात आणि एक फांदीवर दिसते. तर कळप किती? मुळे दोन येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग दहा, तीन वजा करून सात, वर्ग एकोणपन्नास, अधिक एक, बरोबर. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, त्याचा वर्ग चार, अधिक एक, पाच. हिशेब इथेही चोख जुळतो. तरी भास्कराचार्यांनी हे दुसरे उत्तर बाजूला ठेवले, कारण वाटेत उणे दोन माकडे येतात आणि ऋण राशी अशा ठिकाणी लोकांना पटत नाही. ऋण संख्या त्यांना उत्तम येत होत्या, त्या संख्यांचे नियम त्यांच्याही आधी ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात बांधून दिलेले होते. तरीही प्रश्नाचा विषय काय आहे हे पाहूनच त्या स्वीकारायच्या की नाकारायच्या, हे त्यांनी ठरवले. विद्यार्थ्यांना हीच दृष्टी द्यायला हवी. एखादी संख्या ‘असते की नसते’ हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी असते, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. बँकेच्या पासबुकात उणे दोन हजार असू शकतात, कळपात उणे दोन माकडे असू शकत नाहीत.

मग √−१ कशासाठी लागला? वर्गसमीकरणासाठी नाही, घनसमीकरणासाठी. इटलीतल्या कार्दानोने १५४५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आर्स माग्ना’ या लॅटिन ग्रंथात दहाचे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार ४० येईल, हे उदाहरण घेतले आणि ५ ± √−१५ असे उत्तर लिहून दाखवले. आपल्या दोन मित्रांचेच हे गणित. पाच पंचे पंचवीस ही कमाल, मागणी चाळीस, कमतरता पंधरा. लिहून झाल्यावर खुद्द त्यालाच हे सूक्ष्म पण बिनकामाचे वाटले. वर्गसमीकरणापुरते त्याचे चुकले नव्हते. खरी गाठ पडली ती क्ष³ = १५क्ष + ४ या प्रकारच्या समीकरणांत. इथे क्ष = ४ हे उत्तर तोंडी ताडून पाहता येते: चारचा घन ६४, पंधरा चोक साठ आणि चार चौसष्ट. उरलेली दोन मुळे −२ + √३ आणि −२ − √३, तीही सरळ वास्तव. म्हणजे तिन्ही उत्तरे खरी, हातात धरण्यासारखी. पण घनसमीकरणाचे नवे सापडलेले सूत्र वापरले की मधल्या पायरीवर √−१२१ येऊन बसतो. उत्तर आहे हे दिसते आहे, आणि सूत्र मात्र अशक्यातून वाट काढते आहे. इथे ‘वास्तव मुळे नाहीत’ म्हणून पान उलटता येत नाही, कारण ती आहेत. राफाएल बोम्बेल्ली या दलदली उपसून जमीन करणाऱ्या इंजिनिअराने १५७२ साली ही वाट चालून दाखवली. त्याने २ + √−१ चा घन काढला तर तो २ + √−१२१ निघाला. तसाच २ − √−१ चा घन २ − √−१२१. म्हणजे सूत्रातली दोन घनमुळे २ + √−१ आणि २ − √−१. त्यांची बेरीज केली की √−१ एकमेकांना मारतात आणि चार उरतात. पुढे एकोणिसाव्या शतकात हेही सिद्ध झाले की तिन्ही मुळे वास्तव पण अपरिमेय असतील अशा, परिमेय सहगुणकांच्या घनसमीकरणांत केवळ वास्तव संख्यांची वर्गमुळे-घनमुळे वापरून उत्तरापर्यंत पोहोचताच येत नाही. बोम्बेल्लीचे उदाहरण मात्र दहावीच्या मुलाला घन काढून पडताळता येते. त्यासाठी कंसांचा गुणाकार आला की पुरे, आणि तो आठवीतच शिकवलेला असतो.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कार्दानोने लॅटिनमध्ये लिहिले, बोम्बेल्लीने आपल्या इटालियनमध्ये, लॅटिन न येणाऱ्यालाही बीजगणित कळावे म्हणून. या संख्यांचे चित्र प्रथम काढले ते कास्पर वेसेल या मोजणीदाराने, १७९७ साली, डॅनिश भाषेत. शंभर वर्षे ते फारसे कुणी वाचले नाही आणि श्रेय बरेचसे १८०६ साली तेच चित्र काढणाऱ्या आर्गां याला गेले, ही स्वभाषेत लिहिण्याची किंमतही त्यातच आली. पण बोम्बेल्ली आणि वेसेल यांच्या कल्पना मांडल्या गेल्या त्या ज्याच्या त्याच्या भाषेत. मराठीतून बीजगणित शिकवणे ही आपल्याकडे नवलाईची गोष्ट नाही; १८२०च्या दशकात कॅप्टन जर्विस या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मराठीत गणिताची पुस्तके तयार झाली, म्हणजे दोनशे वर्षे होत आली. सीमाभागातल्या मुलाचे गणित दहावीपर्यंत मराठीत असते आणि पीयूसीला एकदम इंग्रजीत जाते. माध्यम बदलण्याच्या त्याच महिन्यात आयुष्यातली सर्वांत अनोळखी संख्या पुढ्यात येते. मग न कळलेला भाग इंग्रजीचा की गणिताचा, हे त्या मुलाला स्वतःलाही सांगता येत नाही. कल्पना आधी मराठीतून पक्की झाली असेल तर जूनमध्ये त्याला नवे शब्द तेवढे शिकायचे उरतात.

वेसेलचे चित्र मराठीत चार वाक्यांत सांगता येते. बेळगुंदीहून पूर्वेला बेळगाव, पश्चिमेला सह्याद्रीच्या डोंगररांगा. पूर्वेकडे टाकलेली पावले धन माना, पश्चिमेकडची ऋण. उणे एकाने गुणणे म्हणजे उभ्या जागी मागे फिरणे. पूर्वेचे तोंड पश्चिमेला. आता प्रश्न असा की कोणती कृती दोनदा केली असता माणूस पुरता मागे फिरतो? चौथाई फिरणे. पूर्वेकडून उत्तरेकडे, उत्तरेकडून पश्चिमेकडे. दोनदा केल्यावर उणे एकाचे काम होते, म्हणजे ही कृती उणे एकाचे वर्गमूळ आहे. बास. पूर्व-पश्चिम रस्त्यावर उणे एकाचे वर्गमूळ शोधत बसलात तर सात जन्म सापडणार नाही, कारण ते त्या रस्त्यावर नाहीच, उत्तरेकडच्या पायवाटेवर आहे. महावीराचार्य, भास्कराचार्य आणि दहावीचे पुस्तक तिघेही रस्त्यापुरते बोलत होते, आणि रस्त्यापुरते खरे बोलत होते. पीयूसीचे पुस्तक सगळ्या शिवाराविषयी बोलते. दोन विधानांतला विरोध इथे मिटतो, आणि तो मिटवायला ‘समजा’ म्हणावे लागत नाही.

आता अभ्यासक्रमाचा आक्षेप. दहावीला आधीच ओझे आहे, त्यात आणखी कशाला? ओझ्याची तक्रार खोटी नाही. पण ओझे कमी करताना काय झाले तेही पाहावे. एनसीईआरटीने २०२२-२३ साठी पुस्तके हलकी केली. कर्नाटकच्या पीयूसीत तीच पुस्तके चालतात. अकरावीच्या प्रकरणाचे नाव ‘संमिश्र संख्या आणि वर्गसमीकरणे’ हेच राहिले, आणि आतून वर्गसमीकरणे संमिश्र मुळांसकट सोडवण्याचा भाग काढला गेला. पाटीवर नाव आहे, दुकानात माल नाही. म्हणजे दहावी म्हणते हे अकरावीत येईल, आणि अकरावी ते सांगायच्या आधीच संपते. प्रकरणाच्या शेवटी ऐतिहासिक टीप आहे, तिच्यात महावीराचार्य आहेत, भास्कराचार्य आहेत, कार्दानोचे दहा आणि चाळीसही आहे; पण टिपेवर प्रश्न येत नाही, म्हणून ती कोणी वाचत नाही. तिकडे निपाणीचा जो विद्यार्थी महाराष्ट्र शिक्षण मंडळाच्या अकरावीला कोल्हापूरला जातो त्याला याच विषयात डी मॉयव्हरचे प्रमेय आणि एकाची घनमुळेही असतात. पुढे दोघेही एकाच इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाकावर येऊन बसू शकतात. मला विचाराल तर अभ्यासक्रम वाढवण्याची गरजच नाही. अकरावीच्या टिपेतला मजकूर दहावीच्या वर्गसमीकरणांच्या शेवटी आणावा, परीक्षेला ठेवू नये, आणि शिक्षकाने त्यावर एक तास द्यावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळी मुले इंजिनिअर होत नाहीत. शेती, दुकान, नोकरी करणाऱ्याला √−१ कशाला? याला ‘गणिताने बुद्धीला धार येते’ असे ठेवणीतले उत्तर देण्यात अर्थ नाही. या संख्येशी ज्याचा रोज संबंध येतो त्याला ते माहीत नसते, एवढेच मी दाखवू शकतो. मोटारसायकलचा शॉकअप घ्या. वरचे वजन, आतली स्प्रिंग आणि आतले तेल, या तिघांची वागणूक एका वर्गसमीकरणाने ठरते. स्प्रिंग आणि वजन एका बाजूला धरून शेवटचा अंक १० आहे असे माना. तेल दाट असून मधला सहगुणक ७ असेल तर समीकरण क्ष² + ७क्ष + १० = ०, मुळे −२ आणि −५. दोन्ही वास्तव. अशी गाडी खड्ड्यातून गेली की दबते आणि न हेलकावता हळूहळू जागेवर येते. तेल गळून सहगुणक २ वर आला तर क्ष² + २क्ष + १० = ०, विवेचक उणे ३६, मुळे −१ ± ३√−१. दहावीचे पुस्तक म्हणेल, वास्तव मुळे नाहीत. गाडी म्हणते, मी आता वरखाली झुलणार. मुळातला उणे एक सांगतो की झोके किती लवकर मरतील: दर सेकंदाला ते साधारण ३७ टक्क्यांवर येतात. √−१ च्या मागचा तीन सांगतो की झोका किती वेळाचा असेल: सुमारे २.१ सेकंदांचा. विवेचकाचे चिन्ह बदलले की गाडीची चाल बदलते. गॅरेजवाला गाडी हाताने दाबून सोडतो आणि किती झोके घेते ते बघतो, तेव्हा तो संमिश्र मुळेच वाचत असतो.

वीजबिलाचेही तसेच. बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना असो, फाउंड्री असो, मोटारी आणि इंडक्शन भट्ट्या जी वीज ओढतात तिचे दोन भाग पडतात. एक भाग खरे काम करतो, दुसरा मोटारीतले चुंबकत्व उभे करायला जातो आणि परत येतो. समजा काम करणारा भाग ८० आणि येजा करणारा ६०. इंजिनिअर हे ८० + ६०√−१ असे लिहितो, आणि तारांना झेपावे लागते ते त्याचे परिमाण, म्हणजे १००. ऐंशी भागिले शंभर, पॉवर फॅक्टर ०.८. तो ठरलेल्या मर्यादेखाली गेला की बिलात दंड लागतो आणि तो टाळायला कपॅसिटर बसवतात. कपॅसिटर त्या साठला खाली आणतो, ऐंशीला हात लावत नाही. ज्या भागाला पुस्तक कल्पित म्हणते त्याचे पैसे मात्र रोख भरावे लागतात. विजेच्या हिशेबात संमिश्र संख्या आणण्याची ही रीत चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९३ साली शिकागोच्या विद्युत परिषदेत मांडली, आणि त्याआधी पानेच्या पाने लागणारी त्रिकोणमिती चार ओळींवर आली. इथे प्रांजळपणे हेही म्हटले पाहिजे की गाडी काय, वीज काय, दोन्ही गणिते √−१ शिवायही होतात, फक्त लांबतात. इंजिनिअरिंगमध्ये ही संख्या सोयीची आहे, अपरिहार्य नाही. पण १९२६ साली श्रोडिंगरने अणूतल्या इलेक्ट्रॉनसाठी जे समीकरण लिहिले त्यात √−१ पहिल्याच ओळीत आहे, आणि मोबाइलमधल्या चिपचे शास्त्र त्या समीकरणावर उभे आहे.

तिसरे म्हणणे शिक्षकांकडून येते आणि ते व्यवहाराचे आहे. दहावीत √−१ सांगितले तर मुले गोंधळतील, परीक्षेत ‘वास्तव मुळे नाहीत’ लिहायच्या जागी ३३ ± १०√−१ लिहून येतील आणि गुण जातील. गुणांची भीती खरी आहे. तिचा उपाय उत्तर लपवण्यात नसून प्रश्न नीट वाचायला लावण्यात आहे. कुंपणाचे गणित असेल तर ‘शक्य नाही’ हेच बरोबर उत्तर, आणि संमिश्र मुळे माहीत असलेल्या मुलानेही तेच लिहायचे. भास्कराचार्यांनी पाच हे उत्तर हातात असताना सोडले तसे. गोंधळाचे म्हणाल तर तो आजही होतोच. फक्त तो दहावीच्या शिक्षकांपुढे होत नाही, पुढे अनोळखी वर्गात, अनोळखी भाषेत होतो, म्हणून दिसत नाही. आणि मुले इतकी बिचारी नसतात. पाचातून आठ वजा होत नाहीत असे दुसरीत शिकलेले मूल सहावी-सातवीत उणे तीन मुकाट्याने स्वीकारते, कारण मधल्या काळात कोणीतरी त्याला संख्यारेषा काढून दाखवलेली असते. संमिश्र संख्यांसाठी तशीच एक आकृती दहावीत काढायची आहे. पूर्व-पश्चिम रेषेवर उत्तर-दक्षिण रेषा, एवढीच.

पाठ्यपुस्तक बदलायला बंगळूर आणि दिल्लीची वाट पाहावी लागेल, आणि ती किती लांब असते हे सीमाभागाला सांगायला नको. तोवर दुसरी एक जागा आपल्या हातात आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी या गावांनी मराठी साहित्य संमेलने भरवण्याची परंपरा स्वतःच्या खर्चाने आणि हिमतीने चालवली आहे. कथाकथन, कविसंमेलन, व्याख्यान यांना तिथे गर्दी होते, आणि शाळेतली मुले पहिल्या रांगांत बसलेली असतात. आयोजकांना विनंती आहे की यंदाच्या पत्रिकेत पाऊण तास गणिताला द्यावा, परिसरातल्याच एखाद्या हायस्कूलच्या गणित शिक्षकाला बोलवावे, आणि मंडपात माइकच्या शेजारी एक फळा ठेवावा.